डाळ उतरली

आमच्या ह्यांना एका जागी बसवत नाही. खुर्चीत टेकले की पाय हलतो, पाय हलवून कंटाळले की उठतात, अंगणात जातात, सुपारीच्या झाडांकडे उगाच वर बघतात, परत येतात आणि मला विचारतात, "वाजला का गं फोन?" अहो, फोन तुमच्याच खिशात आहे, मी काय सांगू! लग्न होऊन मी केळव्याला आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "सुलू, आमचा नरहरी जरा चुळबुळ्या आहे हो." जरा? माणूस पानातली भाजी संपायच्या आत हात धुवायला उठतो, त्याला जरा म्हणतात का?

नोकरीत हे खपून गेलं. तारापूरच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये हे भांडी घासायला लागले आणि तिथल्याच भटारखान्याचे मुख्य होऊन निवृत्त झाले. पाळ्यांवर पाळ्या जेवायला यायच्या, तिथे असलाच माणूस लागतो. त्यांचं सगळं काम नाकावर चालायचं. तेल जुनं आहे, डाळ करपायच्या बेतात आहे, पिंपातलं पाणी कालचं आहे, हे सगळं दारातूनच सांगायचे. बोईसर स्टेशनाबाहेर आलं की आम्ही बाकीचे नाकाला रुमाल लावायचो आणि हे मात्र नाक वर करून आज कुठल्या बाजूचं धुराडं जोरात आहे ते सांगायचे. मला त्याचा अभिमान होता. तोंडावर मी कधी बोलले नाही, हे डोक्यावर बसले असते.

निवृत्त झाले तेव्हा म्हटलं, आता हा माणूस माझं डोकं खाणार. खाल्लंच. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं ताडगोळे खायला, समुद्र बघायला आली की हे रस्त्यात उभे राहून त्यांच्या गाड्या लावून द्यायचे. कोणी सांगितलं होतं? कोणी नाही. एकदा एका बाईने त्यांच्या हातात बक्षीस म्हणून नोट ठेवली तेव्हा घरी येऊन दोन दिवस जेवले नाहीत धड.

मग बोईसरची अन्नपेढी सापडली आणि मी सुटले. बोर्डावर 'फूड बँक' लिहिलंय, आम्ही पेढी म्हणतो. हिना नावाची मुलगी ती चालवते. कँटीनमध्ये, लग्नाच्या हॉलमध्ये शिजवलेलं पण कोणी हात न लावलेलं जे अन्न उरतं ते गोळा करायचं आणि बिघडायच्या आत पाड्यांवरच्या पोरांपर्यंत न्यायचं, एवढंच काम. शाळा चालू असते तेव्हा पोरांना शाळेत खिचडी मिळते. पण शाळेला सुट्टी लागली म्हणून पोटाला सुट्टी थोडीच लागते! मे महिन्यात तर वीटभट्ट्यांवरून आईबाप परत आलेले, पावसाला अजून अवकाश, शेतीचं काम नाही आणि घरातलं भात संपत आलेलं. नोकरीत असताना उरलेला भात पिंपात ओतताना हे रोज बघायचे आणि घरी येऊन माझ्यावर चिडायचे. मी काय केलं होतं? आता तोच भात टेम्पोत घालून नेताना मात्र चेहरा असा खुलायचा की विचारू नका.

हिनाने त्यांना डाळीत बुडवून बघायचा थर्मामीटर दिला होता. तो ह्यांनी टेम्पोच्या खणात टाकून दिला. म्हणे, "डाळ ऊन आहे ते कळेल पोरी, चांगली आहे ते कसं कळेल?" झाकण उघडायचं, नाक खाली न्यायचं, की झालं. चव घ्यायचे नाहीत. त्यांच्या आईची शिकवण, दुसऱ्याच्या पानात वाढायचं ते आधी आपल्या तोंडात घालायचं नाही, उष्टं होतं. मी म्हणायचे, "अहो, पळीने हातावर घ्या, चाखा, उष्टं कसलं त्यात?" तर माझ्यावरच डोळे वटारायचे. "पोरांना उष्टं द्यायचं? माझ्याच्याने नाही होणार." बरं बाबा, नाही तर नाही.

मी टेम्पोत का बसायला लागले, तर घरी राहून हे कुठे पोचले, कोणाशी भांडले याची काळजी करत बसण्यापेक्षा शेजारी बसलेली बरी. हे चालवायचे, मी मांडीवर पळ्या आणि वाडगे घेऊन बसायचे.

चिल्हारच्या रस्त्याने आत गेलं की आमचा पहिला मुक्काम वरचा पाडा. टेम्पो वर चढत नाही. खाली वडाशी आम्ही डबे काढून द्यायचो आणि पाड्यावरच्या बायका ते डोक्यावर घेऊन चढायच्या. ठकी ही त्यातली पुढारी. तिची सासू बुधी वरती आंब्याखाली पोरं रांगेत बसवून ठेवायची. बुधी सगळ्यांना अरे-तुरेच करते, कोळगावच्या जिल्हा कचेरीतला मोठा साहेब आला तरी त्याला ती "तू कुठला रे?" असंच विचारेल. डबे वर पोचून डोक्यावरून खाली उतरले की ठकी फोन करायची. "काका, डबे उतरले." तो फोन येईपर्यंत ह्यांच्या जिवाला चैन नाही. आम्ही पुढच्या पाड्याच्या रस्त्याला लागलेले असायचो आणि हे एका हाताने खिसा चाचपत असायचे.

गेल्या हिवाळ्यात ह्यांना मोठा ताप येऊन गेला. सर्दी नुसती मुरली होती. बरे झाले, हिंडूफिरू लागले, पण एक दिवस दूध उतू गेलं, करपलं, घरभर वास सुटला, आणि हे शेगडीपासून हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेले! मी मागच्या अंगणातून धावत आले आणि ओरडले, तर म्हणे, बातमी महत्त्वाची होती. कपाळ माझं. म्हटलं, वय झालं, लक्ष राहत नाही. त्यानंतर चुळबुळ दुप्पट झाली. डब्यावर वाकायचे ते कितीतरी वेळ तसेच वाकून राहायचे, मग मान डोलवायचे. मला वाटायचं, बघा, पोरांच्या खाण्याची किती काळजी घेतात.

त्या दिवशी एका कँटीनमध्ये पाळी अचानक बंद राहिली आणि भाताबरोबर डाळीचे दोन मोठे डबे मिळाले. एक वरच्या पाड्याला, एक पुढच्याला. डाळ ऊन असतानाच झाकणं घट्ट लावून ठेवलेली. उकाडा असा की अंगाला कपडा चिकटत होता. मी समोरून लिंबं घेऊन येईपर्यंत ह्यांनी झाकणं उघडून, वाकून, परत लावलीसुद्धा. "झकास," म्हणाले, "बस लवकर." मी बसले.

वडाशी बायका उभ्याच होत्या. डबे दिले, निघालो. हे खिसा चाचपायला लागले. बरीच वाट बघायला लावून फोन आला. ह्यांनी तो स्पीकरवर घातला.

"काका, डाळ उतरली हाय."

"शाब्बास!" हे म्हणाले.

ठकीने फोन ठेवला नाही. म्हणाली, "वाढू काय?"

"वाढू काय म्हणजे? वाढ की! पोरं बसलीयत ना?"

"बसलीन."

"मग विचारतेस काय? वाढ, वाढ."

"बरं काका."

फोन बंद झाला. हे खुशीत येऊन स्टिअरिंगवर बोटं वाजवायला लागले. "ही ठकी पण ना," म्हणाले, "आज काय परवानगी घेत बसली." मीही हसले. हो, मीही हसले, तोंड लपवून काय करू.

पुढे फाट्याच्या अलीकडे गतिरोधक आहे, कोणी नवाच घातलाय, रंगसुद्धा मारलेला नाही. टेम्पो असा आदळला की मागे डब्याचं झाकण उडालं. मी म्हटलं, थांबवा, थांबवा. उतरून मागे गेले, डाळ फळ्यांवर सांडली होती, आणि असा आंबूस भपकारा आला की मी पदर नाकाला लावला.

"अगं बाई!" मी ओरडले. "अहो, ही डाळ उतरलीय!"

हे दार उघडून मागे येत होते. तिथेच थांबले. मी पण थांबले. माझाच शब्द माझ्या कानावर पडला होता. डोक्यावरून डबा उतरतो आणि उन्हाने डाळ उतरते, आम्ही दोन्हीला उतरली असंच म्हणतो, जन्मभर म्हणत आलो.

"ठकी काय म्हणाली?" मी विचारलं. उत्तर दोघांनाही माहीत होतं. "ती डबे उतरले म्हणाली नाही. डाळ उतरली म्हणाली. वाढू काय म्हणून विचारत होती ती!"

हे सांडलेल्या डाळीजवळ आले, वाकले, पार फळीला नाक लागेल इतके वाकले. "वास येतोय तुला?" म्हणाले.

"तुम्हाला येत नाही?"

ह्यांनी डाळीत बोट बुडवून नाकाशी नेलं.

"अहो, मी काय विचारतेय? तुम्हाला हा एवढा वास येत नाही?"

"तापापासून येत नाही," म्हणाले. "वाटलं, येईल परत."

माझा असा संताप झाला की हातातली पळी मी रस्त्यावर आपटली. इतके महिने! इतके महिने हा माणूस नुसता वाकत होता, आणि मी कौतुकाने बघत होते. "पोरं आहेत ती," मी म्हटलं, "हाडाला कातडं चिकटलेली पोरं, एक जुलाब सोसायची ताकद नाही त्यांच्यात! आणि तुम्ही वाढ, वाढ म्हणून..." ह्यांनी टेम्पो वळवला तो मागे न बघताच. मागून येणारा ट्रकवाला हिंदीत शिव्या घालत गेला, तो बरोबरच होता.

मी फोन लावत होते. लागेना. परत लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. त्या बाईचा तो गोड आवाज ऐकून मला फोन फेकून द्यावासा वाटला. ठकीचा धाकटा तर अजून धड चालत नाही, तो आईच्या ताटातलं खातो. मला तोच दिसत होता. गुरं आडवी आली, हे हॉर्न वाजवतायत, गुरं ढिम्म. मी उतरून हाकलली. ह्यांचा पाय क्लचवर सारखा हलत होता.

वडाशी टेम्पो सोडून चढायला लागलो. ह्यांचे गुडघे दुखतात, एरवी दोन पावलं चढले की थांबतात. त्या दिवशी माझ्यापुढे गेले.

आंब्याखाली पोरं रांगेत बसली होती. ताटात नुसता भात. हात मांडीवर. कोणी खात नव्हतं, कोणी रडत नव्हतं, सगळी एका बाजूला बघत होती. तिकडे बायका बसल्या होत्या, ठकी, आणखी तिघी-चौघी, आणि मधे बुधी. प्रत्येकीपुढे रिकामा वाडगा. बुधीच्या वाडग्याला डाळ लागलेली दिसत होती.

"पोरांनी खाल्ली डाळ?" मला श्वास पुरत नव्हता.

"नाय काकी," ठकी म्हणाली. "आमी खाल्ली."

"तुम्ही? अगं, वास आला नाही?"

"आला ना," बुधी म्हणाली. ती ह्यांच्याकडे बघत होती. "पन तू वाढ बोललास. मंग चांगली असंल, तुजं नाक मोठं. पन वास त येतंच व्हता. म्हून आदी आमी खाल्ली. काय व्हतं ते बगतू. नाय झालं काय, त मंग पोरांना देव."

"अगं पण ओतून का नाही दिलीत?" मी म्हटलं. "ठकी, तू स्पष्ट सांगायचं ना, नासलीय म्हणून!"

ठकी खाली बघायला लागली. बुधीच बोलली.

"मागं एक बाई गाडी घेऊन आल्ती. कापडं वाटली. फाटकी निघाली, आमच्यातली एक बोलली, फाटकी हायत. ती बाई परत नाय आली." तिने वाडगा उपडा घातला. "डाळ ओतली आन तुला समजलं, त उद्या गाडी येल काय?"

आमचे हे खाली बसले. मातीत, रांगेच्या शेवटी, पोरांच्या शेजारी. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण पाय न हलवता बसलेलं मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मला तो राग, तो संताप, सगळं असतानाही गलबलून आलं.

"बुधी," म्हणाले, "मला वासच येत नाही गं. माझं नाक गेलंय."

बुधीने त्यांच्याकडे नीट बघितलं. "मंग सांगायचं व्हतं," म्हणाली. "आमचं हाय ना."

डाळ आम्ही खड्डा करून पुरली. पोरांनी भात सुक्या जवळ्याबरोबर खाल्ला, जवळा ठकीच्या घरात होता. बाकीच्या बायका निभावल्या, पण बुधीने सगळ्यांत जास्त खाल्ली होती. ऊन कलायच्या आत तिला उलट्या सुरू झाल्या. तिला टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं, सलाईन लागलं, दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. तोवर हे दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते आणि नर्स त्यांना म्हणत होती, "काका, बसा हो जरा, आम्हाला गरगरतंय."

बुधीला पाड्यावर सोडून घरी आल्या आल्या त्यांनी टेम्पोची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "हिनाला देऊन ये. सांग, मला जमत नाही. पोरांच्या जिवाशी खेळ झाला असता."

"आणि उद्या?" मी विचारलं.

"उद्या दुसरा कोणी जाईल. मिळेल तेव्हा मिळेल."

"वा!" मी म्हटलं. माझा आवाज शेजारच्या वाडीत गेला असेल, जाऊ दे. "वा, फारच छान! त्या बायकांनी डाळ खाल्ली ती कशाला? गाडी बंद होऊ नये म्हणून! आणि तुम्ही उद्याच गाडी बंद करा. म्हणजे त्यांना खात्रीच पटेल की तोंड उघडलं की माणूस येत नाही. त्या कापडवाल्या बाईत आणि तुमच्यात मग फरक काय? शरम वाटतेय ना, वाटू दे. शरम घेऊन गाडी चालवा!"

त्यांनी किल्ली उचलली. मी हिनाला फोनवर सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. तिने मलाही चांगलं सुनावलं, ते मला लागलं पण खोटं नव्हतं. शेवटी म्हणाली, "काकी, थर्मामीटर खणातून बाहेर काढा. आणि चव तुम्ही घ्यायची. काकांच्या आईचं मला माहीत नाही." मी म्हटलं, काकांच्या आईशी वर गेल्यावर मी बघून घेईन.

तर दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये ह्यांनी झाकणं उघडली आणि बाजूला उभे राहिले. मी डाळीचा वास घेतला, तळहातावर घेऊन चाखली, वरची चाखली, ढवळून खालची चाखली. उत्तम होती, लसूण जरा जास्त. थर्मामीटरही बुडवला. हे तोंड फिरवून उभे होते, पण नाही म्हणाले नाहीत.

वडाशी बायकांबरोबर बुधी स्वतः खाली आली होती, काठी टेकत. तिचा चेहरा अजून उतरलेलाच होता. ह्यांनी डबा काढून तिच्यापुढे ठेवला आणि झाकण उघडलं. "बघ," म्हणाले.

बुधी वाकली. वास घेतला. मग सावकाश सरळ झाली आणि ह्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "नको. परत ने. भात ठेव."

"अगं नको काय!" मी म्हटलं. "मी आत्ता चाखून आणलीय! दोनदा चाखली! ठकी, तू बघ, तू वास घे." ठकी पुढे आली नाही. "अहो, सांगा ना तिला, ताजी डाळ आहे, पोरं वाट बघतायत..."

"सुलू, गप," हे म्हणाले. त्यांनी झाकण लावलं, डबा उचलून टेम्पोत ठेवला, भाताचा डबा काढून दिला. "येतो बुधी," म्हणाले, "उद्या." टेम्पो वळेपर्यंत ती काठीवर हात ठेवून तिथेच उभी होती.

ती डाळ पुढच्या पाड्याला दिली, पोरांनी चाटून पुसून खाल्ली. मी रस्ताभर धुसफुसत होते. एवढं ताजं, एवढं चांगलं अन्न, आणि ही बाई नको म्हणते! उपकार नाहीत म्हणा, पण निदान माझ्या जिभेवर तरी विश्वास? हे गाडी चालवत होते, एकदा फक्त म्हणाले, "नको म्हणाली ना. मग नको."

तिसऱ्या दिवशी ह्यांनी पहाटेपासून मला घाई करून जीव नकोसा केला. कँटीनच्या दारात आम्ही डाळ शिजायच्या आधी जाऊन उभे. वडाशी पोचलो तर बुधी एकटीच होती, मुळावर बसलेली. बाकीच्या बायका वरच राहिल्या होत्या, कोणास ठाऊक किती वेळची ती तिथे बसली होती. टेम्पो दिसला तशी ती उठली. आमच्याकडे बघून हसलीबिसली नाही.

ह्यांनी डबा काढला, झाकण उघडलं. बुधीने वास घेतला.

"चांगली हाय," म्हणाली. मग वरच्या बाजूला तोंड करून ठकीला हाक मारली, डबे न्यायला या म्हणून. हाक मारून झाल्यावर आमच्याकडे वळली.

"काल पन चांगलीच व्हती."